एकोणीस जुने बाक आणि एक नवा

खाली सही करणारा मी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा लाकडी सामानाची विक्री, आज न्याहारी करून, चष्मा पुसून, शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी काल तपासून 'डोकं ठणठणीत आहे, गुडघ्यांचं विचारू नका' असे सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यात गुडघ्यांचा उल्लेख नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. पश्चिमेच्या खिडकीत कोणी बसायचे यावरून दोघांनी लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. आता उपटण्याजोगे मुलाच्या डोक्यावर काही उरलेले नाही, तरी सांगून ठेवतो: खिडकीची खोली मुलीची.

२. दुकान आणि मागची वखार मुलाला. वीस वर्षे तोच ती चालवतो आणि माझ्यापेक्षा बरी चालवतो. 'हे गिऱ्हाईकाला कपाट दाखवायला दार उघडतात आणि स्वतःच त्या लाकडाच्या वासात हरवतात, तोवर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात' असे त्याची आई म्हणत असे. खोटे नव्हते.

३. रंधे, पटाशा, करवती आणि धार लावायचा दगड आमच्या सुताराला. त्याने एका वर्षी मला दोनदा बजावले होते, 'मालक, वखारीची तुळई आतून पोकळ झालीय, बदलून घ्या.' मी 'बघू' म्हणालो. त्या 'बघू'चे काय झाले ते कलम सातमध्ये आहे.

४. आरामखुर्ची. आमच्या दुकानाची रीत अशी की गिऱ्हाईकाने वस्तू निवडली, सौदा ठरला, की त्याच्यादेखत तिच्या पाठीवर खडूने त्याच्या नावाचे अक्षर घालायचे. अक्षर पडले की वस्तू त्याची. मग ती आमच्याकडे राहिली तरी आम्ही नुसते राखणदार. माझ्या मेव्हण्याने ही खुर्ची सोळा वर्षांपूर्वी निवडली, अक्षर घालून घेतले आणि अजून नेलेली नाही. तिला वाळवी लागली तेव्हा म्हणतो, 'दाजी, खुर्ची तुमच्या दुकानात, म्हणजे वाळवीही तुमचीच.' तर तसे नाही. खुर्ची त्याची, वाळवीही त्याची. मुलाने ती टेम्पोत घालून त्याच्या दारात ठेवावी आणि चहाला थांबू नये.

५. शाळेतल्या पुस्तकांतल्या कविता मी एका जाड वहीत उतरवून ठेवल्या आहेत. वही नातीला. तिला त्या जुनाट वाटतील. वाटू देत. ज्या मास्तरांनी आम्हांला त्या शिकवल्या ते म्हणत, 'कविता पाठ झाली की तुमची झाली. मग पुस्तक भिजलं, फाटलं, हरवलं, तुमचं काही जात नाही.' मला अजून साठ-पासष्ट कविता येतात. पहाटे जाग आली की अंथरुणात पडून एकेक म्हणतो, आणि खिडकीबाहेर उजाडायच्या आत चौथीचा वर्ग, तेलपाणी केलेली डोकी, मास्तरांचा खडूने पांढरा झालेला उजवा हात, सगळे जागेवर येऊन बसते.

६. (हे कलम मी खोडले आहे. खोडल्याजागी माझी लहान सही आहे. कारण पुढे.)

७. खोडलेल्या कलमात मी असे लिहिले होते की, वखारीत मागच्या भिंतीशी असलेले शाळेत वापरतात तसे वीस बाक माझ्या मृत्यूनंतर मुलाने मास्तरांच्या मुलीकडे पोचवावेत आणि त्यामागची हकीकत तिला सांगावी. हकीकत अशी.

चौतीस वर्षांपूर्वी मास्तरांनी निवृत्तीनंतर स्वतःची लहानशी शाळा काढली. ते वखारीत आले. चाळीस बाक रांगेने लावलेले होते, सगळे एका मापाचे. मी खडू काढला. मास्तर हसून म्हणाले, 'अरे, सगळे सारखेच आहेत, निवडायचं काय? यातले कोणतेही वीस दे. सोमवारी गाडी घेऊन येतो.' पैसे आगाऊ देऊन ते गेले. खडू माझ्या खिशातच राहिला.

शनिवारी दुपारी वादळ झाले. तुळई मोडली, छप्पर खाली आले. एकवीस बाक मोडले, एकोणीस धड राहिले.

रविवारी मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, 'चाळिसांतले कोणतेही वीस म्हणजे अजून कुठलेच नाहीत. वेगळे काढले होते का? काढले असतील तर ते त्यांचे झाले, नुकसानही त्यांचं. नसतील, तर छप्पर तुमच्याच डोक्यावर पडलंय.'

मी म्हणालो, 'बघून सांगतो.'

बघायचे काय होते? मी वखारीत आलो, ढिगाऱ्यात उभा राहिलो आणि मोडलेल्या वीस बाकांवर खडूने 'शा' लिहिला. शाळेचा शा. एकेका बाकापाशी वाकून.

सोमवारी मास्तर आले. मी म्हटले, 'मास्तर, तुमचे वेगळे काढून ठेवले होते, नेमके तेच छपराखाली सापडले.' त्यांनी एका फळीवर बोट फिरवले. सगळ्या फळ्यांवर पडलेल्या छपराची माती बसली होती. माती खाली होती आणि खडू तिच्यावर होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे खडू हातात धरला त्याला हे सांगावे लागत नाही. त्यांनी बोट पाहिले, मग अक्षर पाहिले.

'अक्षर सुधारलंय तुझं,' एवढेच म्हणाले, आणि मोडके बाक गाडीत चढवायला लागले. मीही हात लावला. तो हात त्यांनी झिडकारला नाही, हे मला अजून सोसत नाही.

ते एकोणीस बाक मला कधी विकवले नाहीत. कोणी विचारले की मी म्हणे, 'ते ठरलेले आहेत.' मुलगा त्यांना 'बाबांची शाळा' म्हणतो. गेल्या वर्षी सुताराकडून विसावा बाक करून घेतला; त्याचा रंग जरा उजळ आहे. मास्तर वारले तेव्हा मी पार त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो होतो.

हे सहावे कलम मुलाने गेल्या मंगळवारी वाचले. मग म्हणाला, 'म्हणजे तुम्ही गेल्यावर मी तिच्या दारात जायचं आणि सांगायचं? खोटं तुमचं आणि खाली मान माझी?'

मी म्हटले, 'बाक तर देतोय ना.'

'बाक देताय, आणि त्याच्याबरोबर सांगायचं काम माझ्या गळ्यात घालताय. चांगला सौदा आहे, बाबा.'

त्याचे बरोबर होते. तुळई, छप्पर, खडू, काहीच त्याचे नव्हते. एकदा मी माझे नुकसान दुसऱ्याच्या नावावर चढवले होते, आता पुन्हा तेच करत होतो, आणि या वेळी स्टॅम्पपेपरवर.

म्हणून गुरुवारी सकाळी मी स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. मास्तरांची मुलगी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. फाटकात उभे राहूनच तिला सगळे सांगितले.

ऐकून ती म्हणाली, 'तेव्हा मी कॉलेजात होते. बाबा अंगणात फळ्या जुळवायचे, मी खिळे धरायची. विचारलं होतं मी, दुसरे मागत का नाही? म्हणाले, त्यानं सांगितलं हे आपले, म्हणजे आपले.'

बाक उतरवताना नव्याचा पाय फाटकाला घासला, रंग निघाला. मी म्हणालो, 'उद्या माणूस पाठवून नीट करून देतो.'

'राहू द्या. आता आमचा आहे,' ती म्हणाली. 'सातवी अजून सतरंजीवर बसते. बरं झालं.'

मी म्हटले, 'बाई, मी माफी मागायलाही आलोय.'

तिने माझ्याकडे नीट पाहिले. रागाने नाही. 'काका, बाक घेतले, ते शाळेचे होते. पण माफी बाबांची होती. ती मी कुठून देऊ?' मग तिने शिपायाला हाक मारली, माझ्यासाठी खुर्ची मागवली, आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेली.

तेव्हा सहावे कलम रद्द. ते वीस बाक माझ्या मालकीचे नाहीत. ते कोणी वारसाहक्कात धरू नयेत.

८. वर न लिहिलेले जे काही सापडेल ते मुलगा व मुलगी यांनी समजुतीने वाटून घ्यावे. सातव्या कलमातली चूक मात्र यात येत नाही. ती बाक देऊनही फिटलेली नाही, हे मला माहीत आहे. ती कोणाला देत नाही, आणि मुलाने ती आपली समजून त्या शाळेवरून मान खाली घालून जाऊ नये. ती माझ्याच नावावर राहील.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, दोघा साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि मग सही केली.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार: १. समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक (सही)
२. निवृत्त टपालमास्तर, वरच्या मजल्यावरचे (सही, हात कापतो, पण सही त्यांचीच)

ठिकाण: वखारीमागची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९