काकांचा नियम

तीर्थरूप काका,

आजोबांनी ट्रस्ट केला तो नातवंडांच्या शिक्षणासाठी. कुणाला किती द्यायचं, ते विश्वस्त म्हणून तुमच्यावर सोडलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. तुम्ही अर्जाचं पाकीट उघडलंही नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "मुलींना पदवीपर्यंतच. पुढचं सासरचे बघतील. हा माझा नियमच आहे." काकू हसली. बाबा मान खाली घालून बसले.

नुसतं "नाही" म्हणाला असतात, तर मी फारसं काही करू शकले नसते. विश्वस्ताला सहसा कारण द्यावं लागत नाही. पण चारचौघांत ऐकवल्याशिवाय तुम्हाला चैन कुठे पडतं? आजोबांनी तुम्हाला प्रत्येक नातवंडाचा विचार करायला सांगितलं होतं. तुम्ही नियम करून तो विचारच टाळलात. कोर्टात हेच मांडणार आहोत आणि बाबा साक्ष देणार आहेत. ते स्वतःहून म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आता फक्त नोटीस जाईल." नोटिशीत तुम्ही विश्वस्त आहात आणि मी लाभार्थी. काका म्हणून लिहिलेलं हे शेवटचं.

तुमच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा शाळेत गेलेली,
पुतणी