लिफ्टसमोरची खुर्ची

३ मार्च, सकाळी ७.१०
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बिनविरोध निवड. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. माझा दरारा. संकल्प: आपला-परका बघायचं नाही.

४ मार्च
नियमावली वाचली. नियम चौदा: जिन्यात, पॅसेजमध्ये, लिफ्टसमोर कोणतीही वस्तू ठेवू नये. आधीच्या सेक्रेटरीने या पानावर चहाचा कप टेकवत वर्षं काढली.

५ मार्च, संध्याकाळी
फेरी मारली. तळमजल्याच्या निवृत्त नर्सकाकूंची खुर्ची लिफ्टसमोर. नोटीस दिली. दुसऱ्या मजल्यावर चेअरमनच्या दाराबाहेर व्यायामाची सायकल. ती कोणी चालवत नाही, म्हणजे शोभेची आहे. नोटीस नाही. तिसऱ्यावर आमचं चपलांचं कपाट. ते भिंतीला टेकलेलं आहे, म्हणजे बांधकामाचाच भाग. ही म्हणाली, बांधकामाला चाकं असतात का. हिला कायद्यातलं कळत नाही.

८ मार्च
काकू आल्या. म्हणाल्या, लिफ्ट सारखी बंद पडते, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढण्याआधी दम खायला खुर्ची लागते. मी म्हणालो, नियमाला भावना नसतात. वाक्य झकास जमलं. त्यावर त्यांनी विचारलं, मग आजोबांना चेअरमनच्या सायकलवर बसवू का. लेखी उत्तर देतो म्हणालो.

९ मार्च
लेखी उत्तर सुचलं नाही.

११ मार्च
खुर्ची जप्त. ऑफिसात जागा नाही, म्हणून आमच्या पॅसेजमध्ये ठेवली. जप्त मालाला नियम चौदा लागू होत नाही. बूट घालायला बरी पडते.

१४ मार्च, दुपारी
लिफ्ट बंद. आजोबा भाजीची पिशवी घेऊन आले आणि खालच्या पायरीवरच बसले. चेहरा पांढराफटक. काकू धावल्या, नाडी धरून बसल्या. हिने आमच्या मजल्यावरून वाकून पाहिलं, मला घरातून हाक मारली, तसा मी खुर्ची उचलून खाली पळत सुटलो. दुसऱ्या मजल्यावर सायकल आडवी आली. खुर्ची माझ्याआधी खाली पोचली. मोडली. गुडघा सुजला.
संध्याकाळी आजोबांना बरं वाटलं.

१५ मार्च
माफी मागायची ठरवून लंगडत चौथ्यावर गेलो. आजोबांनीच आधी गुडघ्याची चौकशी केली, बसायला लावलं. मग माफीचं राहून गेलं. आजोबांना बघायला आलेल्या काकूंनी पट्टी बांधली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च
सभासदांनी तातडीची सभा बोलावली आहे. विषय एकच: मी. बहुधा सत्कार. धावलो तर खरा. ही म्हणाली, भाषण लिहू नकोस. लिहिलं.

२० मार्च, सायंकाळी ६.३०
सत्कार नव्हता. सेक्रेटरी बदलण्याचा ठराव. सगळी सोसायटी हजर, आजोबासुद्धा. ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावा, हे सांगणं सेक्रेटरीचंच काम. मागच्यांना नीट कळावं म्हणून मी स्वतःचा हात वर करून दाखवला. चेअरमननी तोही मोजला.
सभेचं इतिवृत्त मलाच लिहायचंय. ‘एकमताने मंजूर’ दोनदा खोडलं. ही म्हणाली, लिही बाबा, तुझा हात सगळ्यात उंच होता.