लाल गाडी धाकट्या जावयाला

२४ मे, रविवार. मुखेड

धोंड्याचं जेवण. आम्ही दोघे साडू शेजारी-शेजारी पाटावर. मला चांदीचं निरांजन, शर्टपीस, ताटभर अनारसे. महेशला हेच सगळं, आणि वर सासऱ्यांची लाल मोटारसायकल. लग्नानंतरचा त्याचा पहिलाच धोंडा म्हणे. माझ्या पहिल्या धोंड्याला मनगटी घड्याळ मिळालं होतं, ते नांदेडला पोचायच्या आत बंद पडलं.

बारा वर्षं त्या गाडीचं ऑइल मी बदललंय. प्लग मी. कमी दिसायला लागलं म्हणून सासऱ्यांनी चालवणं सोडलं, तेव्हापासून नांदेडहून आलो की त्यांना मागे बसवून बाजाराला मीच नेतो. महेश लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, दारात चारचाकी आहे. त्याला कशाला हवी?

सासूबाईंनी गाडीची पूजा केली. माझ्या कपाळाला नुसतं बोट टेकवलं. गाडीला मात्र हळदीकुंकवाचा ओला लगदा, पेट्रोलच्या झाकणावर भलंमोठं स्वस्तिक. वैशाली, महेशची बायको, म्हणाली, "महिना सरंपर्यंत कुणी पुसायचं न्हाई हं."

अनारसे गेले नाहीत मला. माझ्या बायकोने, सुनीताने, ते पाहिलं आणि डब्यात भरले.

२५ मे, सोमवार. नांदेड

गाडी लातूरला पोचलीच नाही! महेश ऐटीत निघाला, गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर बंद. जरा थांबून किक मारली की चालू, तेवढंच जाऊन परत बंद. शेवटी ढकलत माघारी. तिथला मेकॅनिक म्हणाला कार्बुरेटर.

ऐकून मला इतकं बरं वाटलं की दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, पाठवून देतो तुमच्याकडं. तुमच्याबिगर कुणाला कळतंय तिचं?" हे काल जेवताना का नाही आठवलं त्यांना?

२७ मे, बुधवार

अर्धापूरच्या केळीवाल्याचा पिकअप मुखेडहून रिकामा येत होता, त्यात गाडी आली. अंगणात लावली. जागा तिचीच असल्यासारखी उभी आहे. दुकानात दिवसभर पंपाच्या मोटारी उघडल्या, लक्ष सगळं घरी.

महेशचा फोन. "दादा, घाई नाही. तुमच्या सवडीने करा." एवढा गोड बोलतो ना, की जास्त राग येतो.

३१ मे, रविवार

कार्बु. पूर्ण उघडला. जेट फुंकलं, फ्लोट धुतला, सुई बघितली. तळाला थोडा गाळ होता, पण एवढ्याने गाडी बंद पडू नये. बसवला, टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं, पहिल्या किकला चालू. सु.ला आवाज ऐकवला. "अशी बोलते माझ्याशी," म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्याशी?"

अर्धापूर रोडला घेतली. मस्त. वारा लागला, तोंडाला गाणं आलं, आणि उड्डाणपुलाच्या अलीकडे बंद. ढकलत आलो. ओळखीची दोन माणसं नेमकी आजच भेटायची होती.

२ जून, मंगळवार

पुन्हा उघडला. पुन्हा पेट्रोल ओतून चालू केली. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद. नवा प्लग घातला, काही फरक नाही. चोकही नीट आहे.

सासऱ्यांचा फोन. बारा तारखेला डोळे दाखवायला नांदेडला येणार. "महेशनं नंबर लावून ठेवलाय." नांदेडात मी राहतो, दवाखाना माझ्या घरापासून किलोमीटरभर, आणि नंबर लातूरहून लागतो. अंगाचा तिळपापड झाला. "बरं झालं मामा," एवढंच म्हणालो.

६ जून, शनिवार

सापडलं! आणि स्वतःचीच कीव आली.

आज पेट्रोल न ओतताच दुकानाकडे निघालो, कॉलनीच्या कोपऱ्यावर बंद पडली. पेट्रोल बघायला झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. झाकणाला बारीकसं छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून टाकीत हवा जायला हवी, नाहीतर पेट्रोल अडतं. ते छिद्र सासूबाईंच्या स्वस्तिकाने गच्च बुजलंय. सेफ्टी पिन घातली, हळदीचा वाळका खडा निघाला. दर वेळी पेट्रोल ओतताना झाकण मीच उघडत होतो, हवा जात होती, आणि मी म्हणत होतो कार्बु. जमला. आणि मी पंपांच्या दुकानात काम करतो.

अर्धापूरपर्यंत जाऊन आलो. कुठेही थांबली नाही. कुणाला सांगितलं नाही. सु.लाही नाही.

७ जून, रविवार

महेशचा फोन. पुढच्या रविवारी एसटीने येतो, गाडी चालवत लातूरला नेतो. "कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलंय दादा, सासऱ्यांची गाडी येतेय म्हणून." सासऱ्यांची! जसं काही माझे ते कुणी लागतच नाहीत.

फोन ठेवला आणि मोरीतला चंदनाचा साबण घेतला. ओला करून छिद्रात दाबून बसवला. वरून सु.च्या करंड्यातलं कुंकू लावलं, स्वस्तिक होतं तसं केलं. दोन-तीन किलोमीटर जाईल आणि महेश ढकलत परत येईल. मग सासरे म्हणतील, राहू द्या नांदेडलाच. म्हणतीलच.

सु. विचारत होती, आंघोळीचा साबण अंगणात कसा.

१२ जून, शुक्रवार

सासरे सकाळच्या गाडीने आले. चहा घेतला, अंगणात आले, सीटवर हात फिरवला. मी रिक्षा आणतो म्हणालो. "रिक्षा कशाला? घरची गाडी हाय की. चला." छिद्र मोकळं करायला मिनिटभर मिळेना, सासरे गाडीपासून हलतील तर शपथ. म्हटलं दवाखाना जवळ आहे, निभेल. नेमका रस्ता खोदलेला, लांबून वळसा. चौकात बंद.

गाडी बंद पडली की आधी पेट्रोल बघायचं, ही त्यांची जुनी सवय. मी किक मारतोय तोवर त्यांनी झाकण उघडलं. सुस्स. झाकण डोळ्यांशी धरलं, दिसेना तेव्हा अंगठा फिरवला. अंगठा नाकाशी नेला.

"चंदनाचा हाय," म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी खिशातली काडी काढली, छिद्र मोकळं केलं, धोतराला अंगठा पुसला. "हाना किक." गाडी चालू झाली.

दवाखान्यात बाकावर बसलो होतो. सासरे म्हणाले, "महेशनं मागितली होती. लग्नातच. मामा, ही लाल गाडी मला द्या म्हणला, लहान लेकरासारखं. तुमी कधी मागितली न्हाई."

"मागायला पाहिजे का मामा? बारा वर्षं..."

"तुमी थोरले जावई. तुमाला मोडकीतोडकी जुनी गाडी दिली, तर अपमान वाटंल म्हणून घाबरून राहिलो मी. सुनीताची आई म्हणली, थोरल्याला चांदीच द्या."

  मी विचारलं, आता?

"आता त्याची झाली की. माझ्या हातात काय राहिलं? त्यालाच मागा."

घरी सु.ने विचारलं, गाडीला काय झालं होतं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "कचरा होता झाकणात. निघाला."

१४ जून, रविवार

सासरे कालच मुखेडला गेले. उद्या अधिक संपतोय.

सकाळी गाडी धुतली. स्वस्तिक ठेवलं, छिद्र मोकळं आहे, पिन घालून दोनदा बघितलं. जागेवरच स्लोला लावून ठेवली तर अर्धा तास नुसती चालत राहिली. सु. आतून ओरडली, पेट्रोल काय फुकट येतं का. बंद करवेना.

वाक्य पाठ केलंय. महेश, ही गाडी मला दे. आरशासमोर म्हणून पाहिलं, भांडायला निघाल्यासारखं वाटतं. महेश, ही मला देशील का? हे तोंडातून निघतच नाही. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. त्याने सासऱ्यांना मागताना कसं तोंड उघडलं असेल, त्याचाही हेवा वाटतो मला. नाही म्हणाला तर? आणि गोड बोलून हो म्हणाला, तर ते जास्त लागेल.

आत्ता त्याचा फोन आला. स्टँडवर उतरलाय. "दादा, न्यायला येता का?"

येतो म्हटलं. लाल गाडीवरच. निघताना सु.ला मोरीपाशी नेऊन साबण दाखवला, जागेवर आहे म्हणून. तिला काही कळलं नाही.