दोघींसाठी इंटरफेस

९ सप्टेंबर, मंगळवार

घेणार! ठरलं म्हणजे ठरलं. शनिवारी सुट्टी टाकलीय, देनपासारला जाऊन ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी पेटी, घेऊनच येणार. मागची खोली रिकामी केली. भिंतीला जुन्या गाद्या लावल्या. आई म्हणाली, "कादेक, आजारी माणसाची खोली दिसतेय गं." दिसू दे! आमचा स्टुडिओ आहे तो.

आता फक्त कुठला घ्यायचा एवढंच. लाल, की काळा? लाल छोटा आहे, एका माईकचा. काळ्याला दोन माईक लावता येतात. एकटीला लाल पुरे. शहाणी असेन तर लालच घेईन.

१० सप्टेंबर

हॉटेलच्या रिसेप्शनवर बसून दिवसभर इंटरफेसचेच व्हिडिओ बघितले. एक पाहुणा किल्ली मागत होता, मी त्याला म्हणाले, "दोन इनपुटवाली?" शी!

१२ सप्टेंबर

झोपच नाही. लाल. नाही, काळा. नाही, लाल.

खरं कारण इथे लिहायला काय हरकत आहे? आजोबांनी रचलेली ती पहाटेची चाल. तिला नावसुद्धा नाही. आजोबांनी अर्धी मला शिकवली, अर्धी ताईला, आणि स्वतः गेले. माझी अर्धी ताईला येत नाही, तिची मला येत नाही. ताई लग्न होऊन सिंगराजाला गेली, जाताना आपला गेंदेर, हातोड्यांनी वाजवायचं काशाच्या पट्ट्यांचं वाद्य, घेऊन गेली, आणि त्या दिवशी अंगणात जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. बापा म्हणाले होते, "लग्नात घरच्या पूर्वजांचा निरोप तू घेतलास. गेंदेरनं नाही घेतला. तो इथेच राहील." ताई म्हणाली, "आजोबांनी तो माझ्या हातात दिला, तुमच्या नाही." उचलला आणि गेली. तेव्हापासून बापा तिचं नाव काढत नाहीत, ती या घराची पायरी चढत नाही. आणि चाल दोन गावांत दोन तुकडे होऊन पडलीय. ती जाईल अशीच, मला भीती वाटते. रोज वाटते.

१३ सप्टेंबर, शनिवार

घेतला!! काळा!!

झालं असं. दुकानात हेंद्रा — चिनी दादा, गिटारवाला, जिभेला हाड नाही. मी लाल डबा हातात घेतलेला, पैसे द्यायला निघालेली. त्यानं सहज विचारलं, "वाजवणार किती जणी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "दोघी."

"मग लाल कशाला नेतेस बाई? दोघींनी एकाच पेल्यातून पाणी प्यायचं का?"

मी लाल खाली ठेवला. विचार करायला वेळच नव्हता, तोंड आधीच बोलून मोकळं झालं होतं!

मग त्यानं समजावलं — स्वस्तातला घेतला की वाजवल्यानंतर आवाज कानात किंचित उशिरा येतो, तेवढ्यानं ताल बिघडतो. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे पूजेला पुजारीच दुपारी उगवतात, एवढ्याशा उशिराचं काय घेऊन बसलात?" पोट धरून हसला. फोनवर मी आणि ताईनं वाजवलेला दुसऱ्याच चालीचा जुना तुकडा ऐकवला तर म्हणतो, "दोन्ही वाद्यं एकमेकांशी जुळत नाहीत गं. बेसूर आहेत."

बेसूर! मी तिथेच कंबर कसली. "बेसूर नाहीत, मुद्दाम तशी केलीत. एक किंचित खाली, एक किंचित वर. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो, त्याला ओम्बाक म्हणतात, लाट. लाट नसेल तर ते नुसतं भांड्यांचं कपाट!"

"बरं बाई, चुकलो," म्हणाला. वायर फुकट दिली.

१४ सप्टेंबर

बापा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "दोन भोकं कशाला?"

"दोनचाच मिळाला."

"हं." आणि गेले कोंबड्यांकडे. झुंजीच्या कोंबड्यांशी हा माणूस तासभर बोलतो, घरच्यांशी "हं."

पण आवाज! काय आवाज येतो! गेंदेरच्या पट्टीवर हातोडी पडल्यावर आधी लाकूड ऐकू येतं, मग कासं, मग खालच्या बांबूतली हवा. इतकी वर्षं वाजवतेय, हे ऐकलंच नव्हतं. नाचले. खरंच नाचले, दार लावून.

१६ सप्टेंबर

शहाणपणा करायला गेले. ताईची बाजू आठवून आठवून स्वतःच वाजवली, आपल्याच गेंदेरवर, आणि माझ्या बाजूवर चढवली. अर्धे सूर अंदाजपंचे. शिवाय लाट नाही! कशी असेल? दोन्ही वेळा वाद्य एकच. कॉम्प्युटरवर तिची बाजू सुरात किंचित वर चढवून बघितली. हलली थोडी, पण मेलेल्या माशाला काडीनं हलवावं तशी. पुसून टाकलं.

मग उठले आणि ताईला फोनच लावला.

"घरी? मी? बापांनी बोलावलंय?"

"नाही."

"मग नाही." 

"मग मी येते तिकडे. मशीन घेऊन."

मग म्हणाली, "देक, हात बसलेत गं माझे." नाही म्हणाली नाही! नाही म्हणाली नाही!

१७ सप्टेंबर

दाजींचा निरोप: रविवारी ये, जेवायलाच ये, सासूबाईंना सांगून ठेवलंय.

२० सप्टेंबर, शनिवार

आज तुंपेक लांदेप, लोखंडाची पूजा. सकाळपासून आई सुऱ्या, विळे, स्कूटर, सगळ्यांना फुलं वाहत फिरत होती. मी स्कूटरला पानांची झालर बांधत होते. आणि आई आमच्या खोलीत गेली! लॅपटॉपला फूल, तांदूळ. इंटरफेसला फूल, तांदूळ — आणि वर तीर्थ! चांगलं तीनदा शिंपडलं. थेट भोकात!

लावून बघते तर दुसऱ्या भोकातून तळणीतला आवाज. चर्रर्र. मी किंचाळले. आई म्हणते, "अगं, नवीन वस्तू आहे, आशीर्वाद नको का?" केस वाळवायचं यंत्र लावलं, उन्हात ठेवला, काही नाही. दोन नंबर गेला तो गेलाच.

हेंद्राला फोन केला. "देवानं दिलंय ते देवाकडेच दुरुस्तीला ने," म्हणाला आणि हसतच सुटला. जळलं मेलं ते! पण एक नंबर ठणठणीत आहे. ताई तिकडे, मी इकडे, एकेकटीच वाजवायचंय, मग एक पुरे. रडायला आलं होतं, आता हसू येतंय. आईवर कुणी रागवायचं!

२१ सप्टेंबर, रविवार

सिंगराजाहून आत्ताच आले. घाटात धुकं, बोटं गारठलेली, लॅपटॉप पोटाशी बांधलेला.

ताईनं गेंदेर कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. धूळ नव्हती त्यावर. म्हणजे पुसते. वाजवत नाही, पण पुसते.

पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली, "जाऊ दे देक, मी म्हातारी झाले," म्हणाली. तिच्या सासूबाई बाहेरून ओरडल्या, "म्हातारी मी झालेय, तू वाजव!" आणि मग वाजवलं तिनं. सबंध. कुठेही न थांबता.

मी तिची बाजू एकटी कधी ऐकलीच नव्हती. कायम माझ्या आवाजाखाली असायची. किती गोड आहे! मला हेवा वाटला. मला वाटायचं आजोबांनी मलाच चांगली अर्धी दिली.

निघताना म्हणाली, "बापा काय म्हणतात?"

"काही नाही."

"अजून कोंबड्यांशी बोलतात?"

"तेवढंच बोलतात."

हसली. मग आत निघून गेली, पाठ फिरवून. निरोपही घेतला नाही.

२२ सप्टेंबर

जुळलं! जुळलं! जुळलं! तिच्यावर माझी बाजू चढवली, तिसऱ्याच वेळी बसली. डाव्या कानात ताई, उजव्या कानात मी. आईला ऐकवलं, ती भाताचा पळा हातात घेऊन तशीच उभी.

बापांना ऐकवायचं का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऐकवलं. कोंबडा काखेत असतानाच हेडफोन डोक्यावर चढवला, म्हटलं बघू पळतात कुठे.

ऐकत राहिले. चेहरा दगडाचा. मधेच म्हणाले, "शेवटच्या फेरीला अजून घाई करते."

कोण, ते म्हणाले नाहीत. पण म्हणाले! इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिचा विषय त्यांच्या तोंडून आला!

मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "लाट कुठाय?"

मी घातला. खरंच की! मी दोघींना दोन कानांत टाकलं होतं. एक सूर इकडे, एक तिकडे. दोन्ही स्वच्छ, पण एकमेकांना भेटतच नाहीत. माझंच चुकलं, सुबक दिसावं म्हणून केलं होतं. धावत गेले, दोघींना मधोमध आणलं, हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. आली लाट. थोडीशी, पण आली.

"आता?" मी विचारलं.

"शेजारी बसल्याशिवाय नाही यायची ती नीट," म्हणाले. आणि उठले. कोंबड्याला खुराड्यात सोडलं, आंघोळीला गेले. बस्स! एवढंच! सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही या माणसाचा. चाल वाचली, हे खरं. मग मला असं उपाशी राहिल्यासारखं का वाटतंय? चालीसाठी नव्हतंच का हे सगळं?

२४ सप्टेंबर

उठून बघते तर खोलीत माझा गेंदेर नाही! बापा नाहीत, त्यांची स्कूटर नाही. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती. "मला काय विचारतेस," म्हणाली, पण हसू आवरत नव्हतं तिला.

आत्ता ताईचा फोन. "देक, तुझा गेंदेर इकडे आलाय. माझ्याशेजारी मांडलाय त्यांनी, म्हणतात आता इथेच राहू दे, देक येत जाईल. तू मशीन घेऊन निघ, लगेच निघ — बापा तुझी बाजू वाजवायला बसलेत, आणि सगळं चुकतायत!"