नोराचा कुकू

हॅझलकोट,
१९ एप्रिल

लाडक्या नोरे,

तुझं कार्ड मिळालं. नेहमीप्रमाणे पाकिटावर माझं एकटीचंच नाव. असो. गुडघे कसे आहेत तुझे? माझे बरे आहेत, म्हणजे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना भांडतात. खरं तर फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू आधी विचारतेस, "तो आहे का खोलीत?" आणि सिरिल असतोच; आपला भाऊ तो, जाणार कुठे! म्हणून हे पत्र.

वसंत आला बाई एकदाचा. चर्चच्या भिंतीपाशी लिंबासारखी पिवळी फुलपाखरं दिसायला लागली आहेत. काल गिरणीमागच्या शेतात ससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या थोबाडीत मारत होते. आपण लहानपणी समजायचो की दोन नर भांडतायत. सिरिलनेच सांगितलं होतं, एक मादी असते आणि ती नको असलेल्या नवऱ्याला हाणते. तेव्हापासून तू त्या सशिणीची केवढी कड घ्यायचीस! दुभंगल्या शेपटीच्या भिंगऱ्याही आल्या. सध्या दोनच आहेत, आणि तारेवर अशा बसतात की जणू आम्हीच त्यांच्याकडे पाहुणे आलोय.

मार्चमध्ये बेडकांचा मात्र नुसता सावळागोंधळ झाला. पाऊस पडला की संध्याकाळी ते रानातून तळ्याकडे निघतात, आणि गाड्यांखाली चिरडू नयेत म्हणून अख्खा गाव बादल्या घेऊन रस्त्यावर उभा असतो, हे तुला मी काय सांगणार. यंदा कारभार हंफ्री डॅबनीच्या हातात होता. पक्ष्यांवरून सिरिलशी उभा जन्म भांडलेला हा निवृत्त मास्तर, पण बेडकांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. ज्या बिचाऱ्यांनी नुकताच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडला होता, त्यांना उचलून हा पुन्हा रानाच्या बाजूला सोडत होता. शेजारच्या गॉरिंजबाई भर रस्त्यात किंचाळल्या, "अहो डॅबनी, सासरी निघालेल्यांना माहेरी कसले धाडताय!" तर हा म्हणतो, "बाई, मला काय त्यांनी पत्ता दिला होता?" दोन बादल्या परत आणायला लागल्या.

सिरिल असता तर असं झालं नसतं. म्हणजे आहे तो. घरातच आहे. यंदा बाहेर पडला नाही इतकंच.

हो, आणि एक गंमत. त्याच्या सायकलीच्या टोपलीत रॉबिनने घरटं केलंय. सायकल फेब्रुवारीपासून पडवीतून हललीच नाही ना, तर मेलीला वाटलं असेल, ही काय झुडपाचीच जात. आत पाच अंडी आहेत. कोपऱ्यातलं टेबल काढून सिरिलचा पलंग आम्ही खाली आणलाय, बागेकडच्या खिडकीशी. उजेड छान येतो तिथे. त्याला तिथून सायकलसुद्धा दिसते.

बाकी सगळं ठीक. तिकडच्या समुद्रावर गार वारा असेल, छाती जप.

तुझी,
मॉड

ता. क. कुकू पक्षी अजून आलेला नाही. गेली चार वर्षं आलाच नाही म्हणा. तरी सिरिल दिवसभर खिडकी उघडी ठेवायला लावतो. मला शिंका येतात, पण या घरात माझं ऐकतंय कोण.


हॅझलकोट,
८ मे

नोरे,

दोन पानी पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर: "पलंग खाली का आणला?" तुला लहानपणापासून कुणी फसवू शकलं नाही, मीही उगाच प्रयत्न केला.

बरं, ऐक. फेब्रुवारीत सिरिलला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. आता दिवसाकाठी चार-दोन शब्द बोलतो, तेही ओझं उचलल्यासारखे. दवाखान्यातून आणलं तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "नोरा नको." मी समजले, तू यायला नको. म्हणून कळवलं नाही. आता वाटतं, नोराला त्रास नको, असं म्हणायचं असेल. दोन शब्दांत माणूस सांगणार तरी किती? गेल्या आठवड्यात डॉक्टर तपासून गेले. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, हृदय थकलंय, उन्हाळा पुरा पडेल असं धरून चालू नका. मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, दारापर्यंत सोडलं. मग सिंकशी उभी राहून रडले. झालं सांगून.

पण मी पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

गेल्या सोमवारी सकाळी मी त्याला लापशी भरवत होते. एकदम त्याने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. चमचा उडाला, लापशी चादरीवर. डोळे असे चमकत होते त्याचे! म्हणाला, "कुकू."

मी कान दिला. गॉरिंजबाईंच्या धुराड्यावर होला, ती कबुतराचीच जात, बसला होता आणि घुमत होता: कु-कूऽऽ-कुक. कु-कूऽऽ-कुक. माझे गुडघे गेलेत गं, कान नाही गेले. तो होला होता.

आता त्या चहाच्या दिवसाबद्दल लिहायला हवं. आठ वर्षं आपण दोघी त्या विषयाला वळसा घालून चाललोय. त्या हिवाळ्यात नवऱ्याला, लेनर्डला पोचवून तू वसंतात पहिल्यांदा इकडे आलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतून धावत आत आलीस. कुकू ऐकला म्हणालीस. लेनर्ड गेल्यापासून तू पहिल्यांदा हसली होतीस. मग गावाच्या सभागृहात मे महिन्याच्या चहाला तू सगळ्यांना तेच सांगत होतीस, आणि आपला भाऊ खुर्चीवरून उठला. गावपत्रिकेतलं 'या महिन्यात काय दिसलं' हे सदर तो लिहितो ना, त्याच्या परवानगीशिवाय या गावात फुलपाखरूसुद्धा उडत नव्हतं. त्याने तुझ्या तोंडासमोर तीन बोटं धरली. "मोज, नोरा. एक, दोन, तीन. कुकूला तिसरा सूर नसतो. तू होला ऐकलास." लोक हसले. तू कप खाली ठेवलास आणि संध्याकाळच्या बसने गेलीस ती गेलीस.

तो चुकीचं बोलला नव्हता. पण बरोबर बोलण्याची ती वेळ होती का? हे मी त्याला त्याच रात्री सुनावलं. त्याने वर्तमानपत्र वर केलं. मी किती वेळा म्हटलं, अरे एक ओळ लिही तिला. तर म्हणे, "काय लिहू? होला कुकू झाला असं?"

आणि आता तोच सिरिल होल्याला कुकू म्हणत होता. माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि जीभ आवरली. "हो रे," म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "लिही." म्हणजे सदरात. मी लिहिलं: पहिला कुकू ऐकू आला, सिरिलने ऐकला. पत्रिका घरोघर गेली आणि मी दाराकडे कान लावून बसले. तुला ठाऊक आहे ना आपला गाव! भावाच्या मयतीला न येणारी माणसं इथे चुकीच्या पक्ष्यासाठी पावसात चालत येतात. होल्याचं घुमणं तर सगळ्यांनीच ऐकलेलं. सकाळपासून दुसरं काही ऐकूच येत नाही इथे.

शुक्रवारी हंफ्री डॅबनी आला. बुटाला चिखल, हातात टोपी. एका ससाण्यावरून सिरिलशी वर्षभर अबोला धरलेला माणूस तो. मी दारातच म्हटलं, "हंफ्री, एक शब्द वाकडा बोललास तर बादलीत घालून रानात सोडीन." तो सरळ आत गेला, पलंगाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मीही ऐकला, सिरिल. गिरणीकडून. अगदी स्वच्छ, दोन सूर." खोटं बोलताना त्याचे कान लालभडक झाले होते. बाहेर पडताना पडवीत थांबून नाक शिंकरत बसला, आणि मला म्हणतो, सर्दी झालीय.

मग रांगच लागली. गॉरिंजबाई अंड्यांचा केक घेऊन आल्या आणि उत्साहात म्हणाल्या, "अहो, माझ्या धुराड्यावरच बसला होता मेला!" कुकू कधी घराच्या धुराड्यावर बसतो का! मी त्यांना असं कोपराने ढोसलं की केकच पडायचा. पण सिरिलने मान हलवली. गोऱ्यामोऱ्या झालेल्या बाई केक कापायला लागल्या. एवढी चिकित्सक, हट्टी, एकेका पिसावरून वाद घालणारी माणसं, आणि एकजात सगळी खोटं बोलून गेली. मला या गावाचा राग येतो तेव्हा मी आता हे आठवीन.

आता काल सकाळचं. मी खिडकीशी त्याची उशी सरळ करत होते. रॉबिनची पिल्लं टोपलीत चोची वासून बसली होती, तो ती बघत होता. धुराड्यावर होला घुमायला लागला. सवयीने मी म्हटलं, "ऐकलास का, तुझा कुकू."

त्याने पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि होल्याच्या घुमण्याबरोबर एकेक बोट उघडलं. एक. दोन. तीन. नोरे, तिसरं बोट त्याने तसंच धरून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. गालाची एकच बाजू हसते त्याची, पण हसला. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! अख्खा गाव त्याला सांभाळत होता आणि तो आम्हाला मुकाट खोटं बोलू देत होता.

मी म्हटलं, "लबाडा, मग मला कशाला लिहायला लावलंस?"

बराच वेळ लागला त्याला. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मी पुसून घेतलं, पाणी दिलं, आणि थांबले. शेवटी म्हणाला, "नोरा बरोबर."

तू बरोबर नव्हतीस. हे त्याला माहीत आहे, मला आहे आणि तुलाही आहे. सगळा जन्म त्याने कधी एक चुकीची चिमणी सदरात जाऊ दिली नाही, आणि आता मरायला टेकल्यावर स्वतःच्या नावाने होल्याला कुकू म्हणून छापून आणलं. कुणासाठी, ते तुला मी सांगायला नको. तू म्हणशील, अशी माफी मागतात का कुणी? आपल्या घरात अशीच मागतात. आपल्या बाबांनी आईला कधी तेवढंसुद्धा दिलं नाही.

म्हणून ये. रागावलेली असशील तर रागावलेली ये, मी काही म्हणणार नाही. दुपारची बस आता चर्चपाशीच थांबते, फार चालावं लागत नाही. पत्रिकेचा अंक सोबत पाठवतेय, पण तो वाचून तिकडेच बसू नकोस. खुर्ची पलंगाशी ठेवली आहे, तुझ्या पाठीला लागते ती उंच पाठीची. सकाळी होला बोलला की काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. मी तेवढ्यात चहा टाकायला आत जाईन आणि लवकर बाहेर येणार नाही.

पत्र त्याला वाचून दाखवलं. त्याने पेन मागितलं. खाली जे वाकडेतिकडे तीन फराटे दिसतील ती शाई सांडलेली नाही. डाव्या हाताने केलेली सही आहे ती.

तुझी वाट पाहणारी
मॉड

आणि

। । ।