आठ ठिपके

बंगळूर,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय छाया,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला कागद तीनदा काढला, तीनदा ठेवून दिला. तिकडं भाताची कापणी चालली असेल असं मनात आलं की खोलीत बसवत नाही, उगाच रस्त्यानं चालत सुटतो. आपल्या बोलीत बोलायला इथं आता कोणी उरलं नाही.

बहिरू होता तोवर बरं होतं. मीच त्याला पाड्यावरून आणून इथल्या बंगल्यांवर वॉचमन लावला. मी रिमोटची गेटं बसवायचो, तो राखायचा. म्हणायचा, "दाराला हात लावायचा यांना कंटाळा, मग घास तरी कसा उचलत्यात रं?" लय हसायचो.

त्या रिमोटच्या पोटात आठ बारकी बटणं असतात. कुठलं वर, कुठलं खाली, तशीच खूण गेटच्या डब्यात लावायची. मग गेट आपला रिमोट ओळखतं. दर बंगल्याची खूण वेगळी पाहिजे, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. पण मी चौथी शिकलेला, वहीत घोटाळा होईल म्हणून भ्यायलो. तुझ्या मनगटावरचं गोंदण तेवढं पाठ होतं. आठ ठिपके, काही वर, काही खाली. तेच सगळीकडे लावून टाकलं. वाटलं, कोणाला कळतंय?

श्रावणात सात नंबरच्या बंगल्यात भरदुपारी चोरी झाली. गेट शाबूत. म्हणजे वॉचमननंच उघडलं, असं सगळे म्हणाले. बहिरूला दोन दिवस चौकीत बसवला, मग कामावरून हाकलला. गाठोडं बांधताना त्यानं विचारलं, "तुला बी तसंच वाटतं का रं?" छाया, मी जेवत होतो, ताटाकडे बघत राहिलो.

गेल्या सोमवारी चार नंबरच्या रिमोटचा सेल बदलला, बटण दाबून पाहिलं, तर समोरचं सात नंबरचं गेटही सरकायला लागलं. म्हणजे चोरीच्या दिवशीही ते कुठल्याही बंगल्याच्या रिमोटनं उघडलं असणार. तसाच सात नंबरच्या साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं, चौकीतही लिहून दिलं. काम गेलं. त्याचं काही नाही.

बहिरूची आई नवसामावशी बाजाराला यायची बंद झाली, लोक चोराची आई म्हणतात, असं तू लिहिलं होतंस. बहिरू माझं पत्र हातात धरणार नाही. म्हणून पाकिटावर तुझं नाव घातलं. येत्या बाजाराच्या दिवशी मावशीला हाताला धरून हरसूलला ने, चार माणसं जमव आणि हे मोठ्यानं वाच. त्यानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, तेही गाळू नकोस.

तुझाच,
लहानू