पपईची एक फोड

बुकित मेरांती रबराचा मळा, बहाऊ
९ जून १९९६

चि. सौ. कोगिलास तुझ्या पाट्टीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. घरात जायला धीर कुठला, मी तिथेच शेळीच्या खुंट्याशी उभी राहून वाचलं, आणि माझं लक्ष नाही बघून शेळीनं पाकीट खाल्लं. खाऊ दे. अगं लबाडे, पाच महिने लपवलंस! एवढी नर्सबाई तू, आणि स्वतःचं पोट आजीला सांगायला लाज वाटली? गुणसेगरनला म्हणावं, जावईबापू, एवढ्यावरून तुमच्या चहात मी मीठ घालणार आहे.

मजुरांच्या रांगेतल्या सगळ्या घरांत सांगून आले. शेजारची काळियम्मा म्हणाली मुलगाच होणार. मी म्हटलं, बाई, तुझ्या नातवांनी माझी दोन कौलं फोडली, आम्हाला मुलगीच बरी. तर रुसून बसली आहे. आज ताक मागायला आली नाही म्हणजे ताकही वाचलं.

हातावर गांधी उठतात आणि शिंका येतात असं लिहिलंस. ऑपरेशनच्या खोलीत दिवसभर रबरी हातमोजे घालून हात उबतात, दुसरं काय. खोबरेल लाव. लहानपणी तू धडपडलीस की मी रबराच्या झाडाचा ताजा चीक जखमेवर लावायची, रक्त जागच्या जागी थांबायचं. आपली माणसं चिकावरच वाढली. मी या वयातही सकाळी झाडांना बांधलेल्या वाट्यांतला वाळका चीक वेचायला जाते. गेले नाही तर दिवस खायला उठतो.

लॉरीवाल्याबरोबर केळ्यांचा घड पाठवते आहे, परसातला. सातव्या महिन्यात इथे ये. तुझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या भरायच्या आहेत. मुद्दाम हिरव्या सांगून ठेवल्यात.

माझं अक्षर बघून हसू नकोस. तिसरीपर्यंतची शाळा, त्यातही निम्मे दिवस झाडांत गेले. घरात सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. माया आहे तशी असू दे, पत्र मात्र लवकर धाड.

तुझी पाट्टी,
पचैयम्मा


इपोह
२७ जून १९९६

ती. पाट्टीस कोगिलाचा सा. न. वि. वि.

केळी पोचली. एक खाल्लं आणि ओठ मिरची लागल्यासारखे चुरचुरले, मग सुजले. गुणा म्हणाले, आजीनं केळ्यात मीठ घातलं की काय. उरलेली शेजारी वाटली. रागावू नकोस, यापुढे केळी, पपई, फणस मला पाठवू नकोस. का ते सांगते.

गेल्या आठवड्यात डॉक्टर हलीमांनी मला तपासलं. त्यांनी हातमोजे घालून हात लावला तशी पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, गळा आवळल्यासारखा झाला. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. नंतर हाताला टोचून परीक्षा केली. पाट्टी, मला रबराचा चीक सोसत नाही. चिकातला एक अंश माझ्या शरीराला शत्रू वाटतो. जितका जास्त संबंध येईल तितकं ते वाढत जातं. आधी खाज, मग गांधी, मग शिंका, आणि एखाद्या दिवशी श्वासच कोंडतो. मोजे चढावेत म्हणून आत जी पावडर असते ती हवेत उडते, तिच्याबरोबर तो अंशही उडतो. मी सहा वर्षं तेच नाकात घेत होते. केळं-पपईत तसाच काहीसा अंश असतो म्हणे.

बाळाची वार खाली आहे. ती वर सरकली नाही तर ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टरबाईंचं म्हणणं, माझ्यासाठी खोली आदल्या दिवशी धुवायची, रबराची एकही वस्तू आत नको, मोजे वेगळे मागवायचे. पण मोठे डॉक्टर ऐकत नाहीत. अंगावर पुरळ येणं वेगळं आणि जीव जाणं वेगळं, असं म्हणतात. मेट्रन तर सगळ्यांसमोर म्हणाली की माशाला पाणी सोसत नाही असं कुणी ऐकलंय का, रबराच्या मळ्यातली पोर ही.

डॉक्टरबाईंनी विचारलं आहे, घरात आणखी कुणाला असं होत होतं का? अम्मा बाळंतपणात गेली एवढंच मला ठाऊक. तापानं गेली असं तू सांगायचीस. तिला नेमकं काय झालं होतं? आठवेल ते सगळं लिही.

बांगड्यांना मात्र मळ्यावर येता येणार नाही. काळजी घे.

तुझी,
कोगिला


बहाऊ
६ जुलै १९९६

चि. सौ. कोगिलास अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच उठले. देवळात नारळ फोडला. फोडला तो नासका निघाला, म्हणून दुसरा फोडला. पुजारी म्हणतो दुसरा चालतो.

मला काही समजत नाही बाई. ज्या झाडानं तीन पिढ्या पोसल्या ते झाड आपल्याला कसं चावेल? मेट्रनबाईला मात्र माझ्याकडून सांग की मासासुद्धा गढूळ पाण्यात मरतो. शेळीला दोन करडं झाली, एक पांढरं आहे, कपाळावर काळा ठिपका, अगदी दृष्ट लावल्यासारखा. काळियम्माचा रुसवा गेला, ताक पुन्हा सुरू.

तुझ्या अम्माचं म्हणशील तर जुनी गोष्ट आहे. ताप होता. वाईट दिवस होते. पोटुशीनं असल्या गोष्टींत मन घालू नये. हिरव्या बांगड्या लॉरीवाल्याबरोबर पाठवते, गुणाच्या आईकडून भरून घे.

पाट्टी


इपोह
१५ जुलै १९९६

ती. पाट्टीस सा. न.

मी अम्माचं विचारलं आणि तू मला करडाच्या कपाळाचं लिहिलंस.

वार सरकलेली नाही. ऑपरेशन ठरलं. त्या खोलीत मी सहा वर्षं उभी राहिले आहे. तिथल्या प्रत्येक नळीत, प्रत्येक मोज्यात काय आहे ते मला माहीत आहे, आणि आता त्याच टेबलावर मला झोपायचं आहे. मला भीती वाटते, पाट्टी. तुला काही माहीत असेल आणि तू लपवत असशील, तर हे शेवटचं विचारते.

कोगिला


बहाऊ
२१ जुलै १९९६

चि. कोगिला,

आज आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी हे वाच.

तुझी अम्मा, माझी लेक तवमणी, तापानं गेली नाही. तिला ताप नव्हता. ती लॉरीत माझ्या शेजारी बसून हसत इस्पितळात गेली होती. ड्रायव्हरला म्हणाली, अण्णा, खड्डे जरा चुकवा नाहीतर बाळ तुमच्याच सीटवर व्हायचं. आदल्या दिवशी तिला पपई खावीशी वाटली. गरोदर बाईला पपई देत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? पण नऊ महिने भरलेली बाई लहान मुलासारखी तोंड करून मागत होती. मी तिच्या सासूच्या चोरून एक फोड दिली. खाल्ल्यावर म्हणाली, ओठ चुरचुरतात, पण गोड आहे.

तिथे डॉक्टरनं मोजे घालून तिला तपासायला घेतलं. मला बाहेर काढलं, पण दार नीट लागत नव्हतं. तिनं मान खाजवायला सुरुवात केली. मग मला हाक मारली. श्वास, एवढंच म्हणाली. तेवढ्यात कुणी तरी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं येऊन सांगितलं, हृदय थांबलं. बाळही गेलं. तो मुलगा होता. तू चार वर्षांची, माझ्या लुगड्याला धरून उभी होतीस.

तिच्या सासूनं विचारलं, काय खाऊ घातलंस? मी खरं सांगितलं. मग पपईनं गेली असं सगळ्यांनी ठरवलं, मीही ठरवलं. तुझा अप्पा शिवलिंगम तुला माझ्याकडे सोडून जोहोरला गेला आणि परत माझा उंबरा चढला नाही. बावीस वर्षं मी तुला ताप ताप सांगत आले, कारण तू मोठी होऊन मला विचारशील, पाट्टी, तू माझ्या अम्माला मारलंस का, आणि मला हो म्हणावं लागेल.

तुझं पत्र मी ओळीखाली बोट धरून तीनदा वाचलं. तू लिहिलंस ते सगळं तिला होतं. अकरा वर्षांची असताना मी तिला चिकासाठी झाडं चिरायला नेलं. बोटं सुजायची. मी म्हणायची, महाराणी, तुझ्यासाठी सोन्याची झाडं लावू का? डोळे लाल व्हायचे, चीक ओतायच्या शेडमध्ये शिंकांवर शिंका. आम्ही हसायचो. जत्रेत फुगा फुगवला तर ओठ असे सुजले की आठवडाभर सगळी पोरं तिला बदक म्हणत होती, मीसुद्धा म्हटलं. कंपाउंडरनं मोजे घालून दाढ काढली तेव्हा तोंड भोपळ्याएवढं झालं, तो म्हणाला दाढेचा पू. तिच्या जखमांवर मी चीक लावायची, ती रडून हात ओढून घ्यायची, मी तो धरून ठेवायची. एकदा म्हणाली की मला झाडांत नको नेऊस, वाटेल तर दुसऱ्यांची भांडी घासते. मी तिला मारलं. आपल्या रांगेत कुणाची मुलगी भांडी घासायला जात नव्हती.

आता तुझ्या पत्रावरून कळतं, पपई नव्हे, चीक. मला हलकं वाटायला हवं ना? पपई मी तिला एकदाच दिली, ती मागत होती म्हणून दिली. चीक तेरा वर्षं, नको नको म्हणत असताना.

हे पत्र डॉक्टरबाईंना दाखव. मोठ्या डॉक्टरला दाखव, मेट्रनला दाखव. लाज धरू नकोस. अक्षर लागलं नाही तर तिकडच्या तमिळ शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घे. जो कुणी तुला हात लावेल त्यानं आधी हे वाचलेलं असलं पाहिजे.

मला काय म्हणायचं ते मग म्हण. पत्र नाही लिहिलंस तरी समजेन. तुला आणि पोटातल्या जिवाला माझे आशीर्वाद, तुला ते हवे असले तर.

पाट्टी


इपोह
१२ ऑक्टोबर १९९६

ती. पाट्टीस कोगिलाचा सा. न. वि. वि.

अकरा आठवडे लिहिलं नाही. राग होता. पपईचा नव्हे. माझी अम्मा ड्रायव्हरची थट्टा करायची, फुग्यानं तिचे ओठ बदकासारखे झाले होते, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. एवढी वर्षं माझ्याजवळ फक्त एक ताप आलेली बाई होती. त्याचा राग होता. अजून थोडा आहे.

तुझं पत्र डॉक्टर हलीमांनी मास्तरांकडून मलाय भाषेत करून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षांनी खात्रीनं काही सांगता येत नाही, पण सगळं जुळतं, असं म्हणाले. मग लेखी हुकूम काढला. तुझं पत्र माझ्या केसपेपरात टाचून ठेवलंय, अगदी वर. मेट्रननं ते वाचलं आणि खोली स्वतः उभं राहून धुवून घेतली. माझ्या मनगटावर लाल पट्टीही तिनंच बांधली. त्यावर लिहिलं होतं, हिला रबर लावू नये.

तीन तारखेला सकाळी सर्वांत आधी मला घेतलं, आदल्या ऑपरेशनची पावडर हवेत नको म्हणून. मोजे पेनांगहून आले होते, निळे, त्यात रबराचा अंश नाही. कमरेखालचं बधिर केलं होतं, मी जागी होते. सारखी त्यांच्या हातांकडे बघत होते. श्वास मोजत होते. श्वास येत राहिला, पाट्टी. मग रडणं ऐकू आलं. मुलगी आहे. काळियम्माला सांग.

ऑपरेशनच्या खोलीतली माझी नोकरी मात्र सुटली. आता बाहेर केसपेपर लिहायचं काम देणार आहेत. मला तीच खोली आवडायची. आणि मळ्यावर मला यापुढे येता येणार नाही. ताजा चीक, चीक लागलेले कपडे, सगळं टाळायचं आहे. मळ्यातच अम्माला जिथे पुरलं तिथेही जायचं नाही.

अप्पांना मी सगळं कळवलं आहे. तुझ्या पत्राची नक्कल पाठवली. न विचारता पाठवली. माफ कर.

तू ये. झाडांतले कपडे घालून येऊ नकोस, एवढंच.

तुझी,
कोगिला


बहाऊ
२० ऑक्टोबर १९९६

चि. सौ. कोगिलास आणि माझ्या पणतीस पाट्टीचे मावतील तितके आशीर्वाद. वि. वि.

मुलगी! मी रांगेत ओरडत गेले. काळियम्मा म्हणते, तिला आधीपासून तेच वाटत होतं. खोटारडी. साखर वाटली. नाक कुणासारखं आहे? गुणासारखं नसू दे, त्यांना राग येईल पण नसू दे.

गुरुवारी तुझा अप्पा आला. मी ओळखलं नाही. म्हातारा झालाय, पायरीवर उभा. उंबऱ्याच्या आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच बसला. बराच वेळ शेळीकडे बघत होता. मग सासू म्हणून हाक मारून विचारलं, अत्तै, तिला खूप वेळ त्रास झाला का? मी म्हटलं, फार नाही. खरं मला माहीत नाही, दार लावलेलं होतं. मग तो रडला, मीही रडले. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी आम्ही एकत्र कधी रडलोच नव्हतो. चहा प्यायला. जाताना माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले. त्यानं मला पपईची माफी दिली, कोगिला, पण चिकाची माफी तो देऊ शकत नाही, तू पण नाही. जी देऊ शकली असती तिला मी बदक म्हटलं.

मुकादमाला सांगून टाकलं, वाळका चीक वेचायला मी आता येणार नाही. तो म्हणाला, म्हातारे, तू झाडांशिवाय मरशील. मी म्हटलं, बघू. रोज चिंच आणि राख लावून हात घासते आहे. नखांत पन्नास वर्षांचं बसलंय ते, लवकर निघत नाही. नवी साडी घेतली, ती घरात आणलीच नाही, काळियम्माच्या मुलीकडे बहाऊ गावात ठेवली आहे. बसमध्ये बसण्याआधी तिच्याकडेच अंघोळ करून नेसेन.

पुढल्या शुक्रवारी निघते. केळी नाहीत, फणस नाही, फुगा नाही. बाळ बघायला रिकाम्या हातांनी जाणारी बाई मी आजवर पाहिली नाही, आता मीच ती.

आल्याबरोबर बाळाला माझ्याकडे देऊ नकोस. तू म्हणालीस तरच घेईन. तुला शिंक आली, किंवा नुसतं मन झालं नाही, तर नाही म्हण. मी दारातून बघेन. मला तेही चालेल.

माया कमी झाली असेल तर जेवढी उरली तेवढी ठेव.

तुझी पाट्टी,
पचैयम्मा